रेवदंडा-चौल : कोटाच्या आतलं गाव (तुमचे अनुभव लिहा)

रेवदंडा म्हटलं की हल्ली दोनच प्रश्न कानावर येतात. 'बीचवर राहायला बरं आहे का?' आणि 'ताजे मासे कुठे मिळतील?' उत्तरं देऊन कंटाळा आला, म्हणून हा धागा. किनाऱ्याचे फोटो नकोत, हॉटेलांचे पत्ते नकोत. माहेर, सासर, आजोळ, नोकरी, बोट, वाडी, ज्या कुठल्या दोरीने तुम्ही या गावाला बांधलेले असाल, ती दोरी सांगा. चौल, थेरोंडा, आग्राव, कोरलई, साळाव, सगळे या. चौलकर म्हणतील की रेवदंडा आमच्यातच येतं. जुनं भांडण आहे, इथेही होऊ द्या.

ज्यांनी गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अलिबागहून नागाव, चौल करत रस्ता दक्षिणेला येतो तो कुंडलिकेच्या मुखाशी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या जमिनीला पोर्तुगीजांनी घातलेला तट. हा आगरकोट. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला, पुढे तट वाढत गेला, आणि १७४० मध्ये सगळं मराठ्यांच्या ताब्यात आलं. आत चर्चं होती, मठ होते. आता तिथे नारळ-पोफळी आहेत आणि त्यांच्यामधून आमची घरं. सातखणी मनोऱ्याचे चारच मजले उरलेत, खाली तोफा पडलेल्या आहेत. लहानपणी आम्ही त्या तोफांवर घोडा-घोडा खेळलो आहोत.

आमच्या मागच्या वाडीत एक कमान आहे. कसली, कुणाची, काही माहीत नाही. तिच्या बाजूला भिंतीत एक कोनाडा, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढा. कधीकाळी तिथे एखाद्या संताची मूर्ती असेल. माझ्या आठवणीत तिथे कायम कोयता, काथ्याची दोरी आणि बियाण्याला ठेवलेले नारळ. आई म्हणायची, 'पोर्तुगीजांनी निदान कपाट तरी चांगलं करून दिलं.' पाहुणे त्या कमानीपुढे उभे राहून फोटो काढतात तेव्हा आधी कोयता बाजूला करतात. मला तो कोयत्यासकटच बरा वाटतो.

लिहा आता.

वाडीवाला, चौल

ताई, रेवदंडा आमच्यातलंच. हे आधी नोंदवून ठेवतो आणि मुद्द्यावर येतो.

आमची वीस-बावीस गुंठ्यांची वाडी. नारळ, पोफळी, मधूनमधून जायफळ, कडेला अननस. आष्टागर म्हणतात ते हेच. समुद्राची गाज ऐकू येते तिथे गोड्या पाण्याच्या विहिरी, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं. खारं पाणी जड, ते खाली राहतं. गोडं हलकं, ते वर तरंगतं. उपसा बेताचा असला तर वर्षभर गोडं मिळतं. आजोबांच्या वेळी रहाट होता. रेडा गोल फिरायचा, लोटे भरून वर यायचे, पन्हळीतून पाटात आणि पाटातून एकेका आळ्यात. रेडा दमला की रहाट थांबायचा आणि तेवढ्यात विहीर पुन्हा भरायची. पंप दमत नाही. एप्रिल-मे महिन्यांत काही विहिरी मचूळ व्हायला लागल्या आहेत आणि दोष सगळे समुद्राला देतात. शेजारी तरण तलावाचे बंगले झाल्यावर तर विचारू नका.

निसर्ग वादळाबद्दल लिहिल्याशिवाय आमच्याकडच्या कुठल्याही वाडीची गोष्ट पुरी होत नाही. ३ जून २०२०. टाळेबंदी चालू होती, मुंबईची सगळी भावंडं घरी आलेली. पोफळ ही वाऱ्याला भिणारी जात नाही. बारीक, उंच, वाकते आणि पुन्हा उभी राहते. त्या दिवशी आधी एका दिशेने वारा आला, सगळ्या पोफळी एका अंगाला लवल्या. मग वारा फिरला. लवलेल्या पोफळींना उलट्या बाजूने झोडपलं आणि त्या मधोमध तुटायला लागल्या. फटाक्यांची माळ लावावी तसा आवाज, आणि तो थांबेचना. नारळ मुळासकट उपटून कौलांवर आले. संध्याकाळी बाहेर आलो तर आमच्या पडवीतून थेट रस्ता दिसत होता. जन्मात कधी दिसला नव्हता. वडील त्या रस्त्याकडे बघत बसले, वाडीकडे बघितलंच नाही त्यांनी.

पुढे पंचनामे झाले. मदत ठरली हेक्टरी, ५० हजार रुपये. आता आगरात हेक्टर कुणापाशी आहे? इथे भावाभावांत गुंठे वाटलेले, आणि त्या गुंठ्यातही झाडं अशी दाटीने लावलेली की अंगावर ऊन पडू नये. क्षेत्रावर मोजलं की हातात येतं ते बघून हसावं की रडावं कळत नाही. शिवाय पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जातात. नारळाचंही साधारण तेच. त्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांनी आत्ता कुठे मान वर काढली आहे. मधली वर्षं माणसाने काय खायचं, हा रकाना पंचनाम्यात नव्हता.

माडावर चढणारी माणसंही आता मिळत नाहीत. पोफळीवर चढलेला गडी एका झाडाची सुपारी उतरवून खाली न येता झोका घेऊन शेजारच्या पोफळीवर जायचा, तशीच अख्खी ओळ संपवायचा. माझ्या मुलाने हे फक्त ऐकलंय.

थेरोंड्याची

वाडीवाले दादा, तुमचा हिशेब झाडाचा, आमचा पाण्याचा.

आमच्याकडे डोल लागते. डोल म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं, पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून बांधायचं. मासळी ओढीबरोबर आपणहून आत येते. म्हणून उधाण पाहिजे. अमावास्या-पुनवेला पाण्याला जोर असतो तेव्हा डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मऊ, माणसं घरात. माझ्या बापाने माझं लगीन भांगात धरलं. भटजीने दुसरा मुहूर्त काढलेला, तो बापाने परत पाठवला. दोन उधाणं फुकट घालवून जावई आणायचा नाही, असं चारचौघांत बोलला. जावई पण खलाशीच, त्याला पटलं.

बोंबील कसे वाळवतात हे खूप जण विचारतात म्हणून सांगते. बोंबलाचं तोंड मोठं आणि दात आत वळलेले. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. गाठ नाही, दोरा नाही, तरी वाऱ्याने पडत नाही. जुनी बाई बोलता बोलता हाताकडे न बघता करते. नवीन पोरगी आली की तिच्या बोटांना पहिले काही दिवस बारीक बारीक चिरा, आणि त्यात मीठ. मी रडलेली आहे. ऊन कडक असलं तर दोन-तीन दिवसांत माल तयार. पण आता मधेच कधी पण पाऊस येतो. ओला बोंबील एकदा भिजला की त्याला वास सुटतो, मग तो खायला जात नाही, खताच्या कुट्यात जातो. तिथे भाव काय मिळणार?

१ जून ते ३१ जुलै बोटी वर ओढलेल्या असतात. त्याच्या आधी आगोटीची घाई. सुके बोंबील, जवळा, वाकटी, सोडे, सगळं डब्यात भरून ठेवायचं. पावसात बाहेर धो धो आणि आत चुलीवर जवळा परतलेला, त्यापुढे तुमचं हॉटेल काय करणार! नारळी पुनवेला सोन्याचा नारळ सोडतात आणि मग पुन्हा धंदा सुरू. पण पहिल्यासारखी मासळी किनाऱ्याजवळ येत नाही हे खरं आहे. बाहेर मोठ्या बोटी दिवे लावून, मोठाली जाळी टाकून ओढून नेतात. कायद्याने बंद आहे म्हणतात. रात्री किनाऱ्यावर उभं राहून बघा, समुद्रात शहर वसलंय असं वाटतं.

कोरलईकर

खाडीपलीकडून लिहितो. रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून समोर जो डोंगर पाण्यात शिरलेला दिसतो, तो आमचा. वर किल्ला, पायथ्याशी दीपगृह, अलीकडे गाव. तुम्ही लोक त्याला 'समोरचा किल्ला' म्हणता आणि आम्ही रेवदंड्याला 'पलीकडे' म्हणतो.

आम्ही घरात जी बोली बोलतो ती पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली आहे. १७४० नंतर पोर्तुगीज निघून गेले, आमचे लोक इथेच राहिले. गोव्याशी येणं-जाणं तुटलं, आजूबाजूला सगळी मराठी, तरी ही बोली टिकली. बोलणारे हजाराच्या आसपास असतील, तेही याच एका गावात. आम्ही तिला 'नो लिंग' म्हणतो. शाळा मराठी, बाजार मराठी, शिव्या दोन्हीतल्या. बाहेरचे अभ्यासक येतात, आमच्या म्हाताऱ्यांपुढे यंत्र ठेवतात आणि गाणी म्हणायला सांगतात. माझी आजी त्यांना आधी विचारायची, 'जेवलास का?' तेही त्यांनी रेकॉर्ड केलंय म्हणे.

साळावचा पूल व्हायच्या आधी तरीने जायचो. भरतीच्या वेळी खाडीचं तोंड खवळलेलं असलं की तरवाला सरळ नाही म्हणायचा, मग बाजारहाट राहिला. आमच्यातल्या एका काकूंचं बाळ तरीतच झालं, पलीकडे दवाखान्यात नेताना. ते बाळ आता आखातात नोकरीला आहे.

सोलापूरची सून

मी या गावात आले तेव्हा मला समुद्र फक्त सिनेमातून माहीत होता. पहिल्या पावसाळ्यात माझ्या रुखवतातल्या सगळ्या साड्यांना बुरशी आली, पापड मऊ पडले, मिठाला पाणी सुटलं. ज्वारीच्या पिठाची अळी झाली. सासूबाई म्हणाल्या, 'बाय, इथे तांदळाची भाकरी शीक, ज्वारी विसर.' शिकले. विसरले मात्र नाही.

मला जिंकून घेतलं पोपटीने. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की वाडीत पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा आणि खडेमीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून बसवायचा. मडकं उपडं घालायचं आणि भोवती झावळ्या-पातेऱ्याचा जाळ करायचा. पाण्याचा थेंबही आत घालत नाहीत. अर्ध्या तासाने कुणीतरी अनुभवी माणूस मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारतो आणि चर्र आवाजावरून सांगतो, झाली की नाही. आमच्याकडे हा मान दिरांचा. त्यांचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही, आणि चुकलं असतं तरी कुणी बोललं नसतं. भांबुर्ड्याचा उग्र वास शेंगेच्या आत उतरतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. सोलापूरला नेऊन केली, भांबुर्डा मिळाला नाही म्हणून दुसरा पाला घातला. माझे वडील म्हणाले, 'उकडलेल्या शेंगा बऱ्या आहेत.' सोडून दिलं.

आणि हो, माहेरी कुणाला 'रेवदंडा' सांगितलं की लगेच विचारतात, 'बैठकीचं का?' निरूपणाच्या बैठकी घेणाऱ्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांमुळे अर्ध्या महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे. सोलापुरातल्या माझ्या मावशीला किल्ला, पोर्तुगीज काही माहीत नाही, पण रेवदंड्याच्या दिशेने ती आधी हात जोडते.

अश्दोदहून

शलोम आणि नमस्कार. मराठी लिहायची सवय सुटत चालली आहे, चुका सांभाळून घ्या.

माझी आजी रेवदंड्याची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्याकडे सांगतात की पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. कुलाब्यात, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणू लागले. रेवदंड्याचं सिनेगॉग, बेथ एल, अजून उभं आहे. आजी साठच्या दशकात इथे, इस्रायलला आली. तिचं हिब्रू शेवटपर्यंत बाजारापुरतं होतं. भांडण मराठीत, हिशेब मराठीत, देवाशी बोलणंसुद्धा निम्मं मराठीत.

तिच्या गोष्टींत कायम एक कोळीण असे. आम्हाला कोळंबी, खेकडे, शिवल्या वर्ज्य. खवल्यांची मासळीच चालते. ती कोळीण टोपली उतरवायची आणि आजीने सांगायच्या आत खवल्यांची मासळी वेगळी काढून ठेवायची. वर म्हणायची, 'हे तुमचं, हे देवाने नको सांगितलेलं.' शुक्रवारी दुपारनंतर ती आमच्या आळीत फिरकत नसे, कारण शब्बाथचा स्वयंपाक तोवर उरकलेला असायचा. आजीला तोरातले नियम जितके पाठ होते, तितकेच तिला होते.

अजूनही आमच्या घरी नवीन वर्षाला चिकाचा हलवा होतो. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध, तासन्‌तास ढवळायचा. मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही, म्हणून आमच्या स्वयंपाकात सगळीकडे नारळाचं दूध. नवस फेडायला मलिदा करतो, पोहे, गूळ, खोबरं आणि फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेतो. अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांच्या रथाची खूण आहे असं आमचे लोक मानतात. माझी मुलं इथल्या सैन्यात जाऊन आली, त्यांना मराठी समजतं, बोलता येत नाही. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इथे निघतं, ते मी त्यांना वाचून दाखवते आणि ते मान हलवतात.

मागे रेवदंड्याला आले होते. आजीचं घर सापडलं नाही. सिनेगॉगची चावी ज्यांच्याकडे होती त्यांनी उघडून दिलं, आणि शेजारच्या घरातून एका बाईंनी नारळपाणी पाठवलं. पैसे देऊ केले तर म्हणाल्या, 'माहेरवाशिणीकडून घेतात का?'

एक मास्तर

बऱ्याच जणांनी पोर्तुगीजांपासून सुरुवात केली आहे, म्हणून थोडं मागे जाऊ या. टॉलेमीच्या भूगोलात सिमिल्ला म्हणून जे बंदर येतं ते चौल. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत चेमुलच्या लोकांची नावं आहेत. अरब प्रवासी त्यालाच सैमूर म्हणतात. दहाव्या शतकात अल-मसुदी इथे येऊन गेला. जवळच आक्षीचा शिलालेख आहे, तो शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा वाचतात, आणि मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. थोडक्यात, वास्को द गामा जन्मण्याच्या हजार-दीड हजार वर्षं आधीपासून इथे बाहेरची जहाजं लागत होती.

आमच्या विद्यार्थ्यांचा आवडता माणूस मात्र अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेरचा व्यापारी. १४६९ च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. घोड्याचा धंदा करून चार पैसे मिळवावेत हा विचार. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला आणि 'धर्म बदल, मग परत देतो' म्हणाला. तो कसाबसा सुटला. त्याने लिहून ठेवलंय की इथे जाईन तिथे माणसांचा घोळका मागे येतो, गोरा माणूस बघायला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याच्या स्मरणार्थ काळ्या दगडाचा स्तंभ उभा आहे. रशियन पाहुणे आले की मुलांना रांगेत उभं करतात. मुलं घोळक्याने त्यांच्याकडे बघत उभी राहतात, म्हणजे साडेपाचशे वर्षांत आमच्यात फारसा फरक पडलेला नाही.

१५०८ मध्ये याच कुंडलिकेच्या मुखात इजिप्तच्या मामलुकांचं आणि गुजरातचं आरमार एकत्र येऊन पोर्तुगीजांशी लढलं. पोर्तुगीज विजरईचा, म्हणजे व्हाइसरॉयचा, मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात मेला. विजरईने पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला आणि अरबी समुद्राचा मालक कोण हे बहुतांशी तिथे ठरलं. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाच्या सैन्याने रेवदंड्याला कित्येक महिने वेढा घातला, पण तट पडला नाही. ही लढाई शाळेच्या पुस्तकात नाही. मी शिकवतो, परीक्षेत येत नाही म्हणून मुलं मन लावून ऐकतात.

बंदर का मेलं, हा प्रश्न वर कुणी विचारला नाही तरी उत्तर देतो. मुंबई इंग्रजांकडे गेली आणि कंपनीने तिथे कारागिरांना बोलावून वसवायला सुरुवात केली. चौल रेशमी कापडासाठी नावाजलेलं. इथले विणकर मुंबईला सरकले. माल गेला, मागोमाग व्यापारी गेले, मग जहाजं कशाला येतील? चाकरमानी मुंबईला जातात त्याची सुरुवात चौलने साडेतीनशे वर्षांपूर्वी करून दिली असं मी वर्गात म्हणतो. चौलात हमामखाना, राजकोटाचे अवशेष, कलावंतिणीचा वाडा हे सगळं झाडोऱ्यात लपलेलं आहे. चांगल्या चपला घालून या, सापांची वस्ती आहे.

खोल्या देणारा

ताईंनी हॉटेलांचे पत्ते नकोत लिहिलं म्हणून पत्ता देत नाही, पण बाजू मांडतो. वाडीवाल्या काकांची पोफळ पडली तशी आमचीही पडली. काकांना नोकरीतून निवृत्तिवेतन असेल, आम्हाला नव्हतं. बँकेचं कर्ज काढून मागच्या अंगणात चार खोल्या बांधल्या. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, त्यामुळे मुंबईकर गाडी घेऊन थेट येतात. त्यांच्यावर आमचं घर चालतं. आई घावन करते, वडील पाहुण्यांना सातखणी दाखवायला नेतात आणि पोर्तुगीजांबद्दल वाटेल ते सांगतात. मास्तरांनी एकदा येऊन दुरुस्त करून जावं.

तक्रार आहे ती वेगळी. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही. नियम बरोबर आहे, मला मान्य. पण ज्यांचं जुनं घर आत आहे त्यांना एक भिंत दुरुस्त करायची तरी परवानगीसाठी वर्ष-वर्ष जातं, आणि तोवर खुद्द तटावर वड-पिंपळ वाढून दगड सुटतात, ते उपटायला कुणी येत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या बाजूचा तट ढासळला. दगड रस्त्यावर आले ते आम्हीच चौघांनी बाजूला रचून ठेवले. आता ते दगड कुणाचे यावर पत्रव्यवहार चालू आहे.

वाडीवाला, चौल

खोल्यावाले, निवृत्तिवेतन मलाही नाही. बाकी तुमचं बरोबर आहे. माझाही पुतण्या खोल्या काढतोय. फक्त विहिरीचं सांगतो, बाथटब ठेवू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. थेरोंड्याच्या ताई, तुमच्या वडिलांचा मुहूर्त मी घरी वाचून दाखवला, आजोबा दोनदा म्हणाले, 'बरोबर केलं.'

खासगीत काही जणांनी दोन गोष्टी विचारल्या, त्यांची उत्तरं इथेच देते. चौलच्या रामेश्वराच्या सभामंडपात जमिनीखाली तीन कुंडं आहेत, पर्जन्य, वायू आणि अग्नी. पाऊस ओढ देऊन बसला, दुष्काळ पडला की गावाने मिळून पर्जन्यकुंड उघडायचं, असा रिवाज. ती एरवी फरशीखाली बंद असतात, त्यामुळे 'उघडून दाखवा' असा आग्रह पुजाऱ्यांना करू नये. समोरची पुष्करणी आणि दीपमाळ बघा, तिथे तासभर सहज जातो.

दुसरं, चौलच्या दत्ताची जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते आणि पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी गाडी आणू नका, अलिबाग-रेवदंडा रस्ता तुंबतो. एसटीने या आणि टेकडीच्या पायथ्याला उतरा. पायऱ्या भरपूर आहेत, गुडघे दुखत असतील तर सकाळी लवकर चढा. वरून आगर, खाडी आणि कोरलईचा डोंगर एका नजरेत येतो. खाली उतरल्यावर मिठाईची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, पण खाजा आदल्या दिवशीचा नाही ना हे विचारूनच घ्या.